एका ओळीत मावलेला गोवा: ख्वाजा अहमद अब्बास यांचं प्रकरण

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी वाळपईहून फोंड्याला घरी आला. चिंब भिजला होता, पण बॅगेतली प्लॅस्टिकची पिशवी कोरडी होती. तिच्यातून त्यानं तीन कागद काढून टेबलावर मांडले. पहिला कागद एका कोकणी चित्रपटाच्या पटकथेचं शेवटचं पान, पटकथा त्याचीच. दुसरा निर्मात्याचा निरोप: प्रसिद्धीचं काम पण तूच बघ, एवढे पैसे देतो. तिसरा कागद म्हणजे एका मराठी दैनिकातल्या त्याच्या चित्रपट-सदराचं कात्रण.

"सर, तिन्ही कामं माझीच आहेत. तिन्ही एकदम केली तर चालेल?"

मी आयुष्यभर पत्रकारिता शिकवली. ठरलेलं उत्तर तोंडावर होतं: नाही चालत. ज्याच्या चित्रपटाचे पैसे घेतोस, त्याच्यावर वर्तमानपत्रात लिहायचं नाही. पण पुढ्यात जे पोरगं बसलं होतं त्याला सदराचे मिळत होते महिन्याला पेट्रोलपुरते पैसे, आणि पटकथेचे अजून मिळायचे होते. 'नाही' म्हणून त्याला परत बसमध्ये बसवणं मला पटेना. मी त्याला म्हटलं, "अरे, हीच तीन कामं एकाच वेळी करणारा एक माणूस होऊन गेला. आधी त्याचं काय झालं ते बघू."

तो माणूस म्हणजे पत्रकार, पटकथाकार आणि दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास. मी त्यांचं प्रकरण वर्गात अनेकदा घेतलं होतं, पण त्या संध्याकाळी ते पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं. जे मांडलं ते इथं लिहितो आहे.

मालाडची नोकरी

अब्बास १९१४ साली पानिपतात जन्मले, उर्दू कवी हालींच्या घराण्यात. अलीगढला शिकले, कायद्याची पदवी घेतली आणि १९३५ मध्ये मुंबईला येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये लागले. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी तेव्हा संपादक होते. राष्ट्रीय चळवळीचं पत्र, पगार बेताचा. अब्बास तिथं चित्रपटांवर लिहू लागले. आणि १९३६ मध्ये त्यांनी बॉम्बे टॉकीजमध्ये प्रसिद्धीचं काम धरलं, अर्धवेळ.

बॉम्बे टॉकीज हे त्या काळचं मोठं प्रकरण होतं. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला उभा केलेला स्टुडिओ. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग थेट जर्मनीहून आणलेले, लेखनाला निरंजन पाल. अशोककुमार हा प्रयोगशाळेतला मदतनीस इथंच नायक झाला, आणि त्याच १९३६ साली 'अछूत कन्या' आला. अशा ठिकाणी प्रसिद्धीचा माणूस काय करत असेल, हे आजच्या मुलांना सांगून कळत नाही. म्हणून मी एक वस्तू जपून ठेवली आहे, ती दाखवतो.

ती आहे गाण्यांची चोपडी. माझ्या वडिलांनी बेळगावला एका सिनेमाच्या दारात आण्या-दोन आण्याला घेतलेली. तळहाताएवढी. कागद पिवळा पडून कडेला तांबूस झालाय, टाचण्यांचा गंज मधल्या पानात उतरलाय. मुखपृष्ठ कधीच गेलं, त्यामुळे चित्रपट कोणता ते काही उरलं नाही. आत गाणी आहेत आणि गाण्यांच्या आधी कथासार: इंग्रजीत, हिंदीत, उर्दूत, गुजरातीत. चारही लिप्यांत गोष्ट एकाच जागी थांबते. नायिका घर सोडते, आणि मग: पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा.

ही चोपडी हातात घेऊन मी मुलांना म्हणतो, या कथासाराची शेवटची ओळ लिहिणं हे एक कसब आहे. दोन-अडीच तासांची गोष्ट दहा ओळींत आणायची आणि नेमकी कुठं सोडायची ते ठरवायचं. माणसं ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला एकेक विशेषण चिकटवायचं: 'कर्तव्यकठोर पिता', 'अल्लड कन्या', 'दुष्ट सावकार'. स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात हेच चालायचं. हँडबिलं, वर्तमानपत्रांना द्यायच्या बातम्या, मासिकांतल्या जाहिराती, सगळीकडे माणूस एका ओळीत बसवायचा. पंचविशीच्या आतल्या पत्रकारानं हे काम काही वर्षं केलं, तर ते हातात मुरणारच. अब्बासांच्या पुढच्या सगळ्या लेखनाकडे मी या चोपडीतून बघतो. हे माझं वाचन आहे, कुणाला पटेल कुणाला नाही.

'नया संसार' आणि त्याची गोष्ट

१९४१ मध्ये अब्बासांनी आपली पहिली पटकथा विकली, ती याच बॉम्बे टॉकीजला. 'नया संसार'. हिमांशू राय तोवर वारले होते. अशोककुमार आणि रेणुकादेवी यांचा चित्रपट, दिग्दर्शन एन. आर. आचार्य यांचं.

विषय कोणता निवडला? वर्तमानपत्र. एक ध्येयवादी संपादक पुढे तडजोडी करू लागतो. त्याच्या हाताखालचा तरुण पत्रकार ते सोसत नाही आणि बाहेर पडतो. दिवसा वर्तमानपत्रात राबणारा आणि स्टुडिओचेही पैसे घेणारा माणूस पहिली गोष्ट लिहितो ती विकल्या जाणाऱ्या लेखणीची! मला हा योगायोग वाटत नाही. जी कोंडी रोजची होती ती त्यांनी लपवली नाही, कागदावर आणली आणि त्याच स्टुडिओला विकली. इतकंच काय, पुढे १९५१ मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली तिचं नावही नया संसार.

इथं माझा विद्यार्थी मध्येच बोलला. "म्हणजे चालतं तर."

"थांब," मी म्हटलं. "त्यांनी कोणती नोकरी सोडली आणि कोणती धरून ठेवली ते बघ."

प्रसिद्धीचं काम अर्धवेळ होतं आणि ते संपलं. पत्रकारिता संपली नाही. 'लास्ट पेज' हे त्यांचं सदर क्रॉनिकलमधून १९४७ मध्ये करंजियांच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात गेलं आणि १९८७ च्या जूनमध्ये अब्बास गेले तोवर चालू राहिलं. चित्रपट पडले, कर्जं झाली, 'चार शहर एक कहानी' या लघुपटासाठी सेन्सॉरविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७० मध्ये हरले, पण आठवड्याचं ते पान कधी दुसऱ्याच्या हातात गेलं नाही. स्टुडिओनं उद्या नको म्हटलं तरी हा माणूस उपाशी राहणार नव्हता आणि गप्पही बसणार नव्हता.

बाप-लेकाची जोडी

मधली वर्षं मी भराभर सांगितली. १९४६ या एकट्या सालातच तीन चित्रपट: इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघासाठी स्वतः दिग्दर्शित केलेला 'धरती के लाल', चेतन आनंदांचा 'नीचा नगर', आणि आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांवरचा शांतारामबापूंचा चित्रपट, जो अब्बासांच्याच पुस्तकावरून निघाला. पटकथेत त्यांच्या जोडीला व्ही. पी. साठे. हे मराठी नाव लोक विसरतात. 'आवारा'ची कथा अब्बास आणि साठे या दोघांची आहे.

'आवारा'पाशी मात्र थांबायला हवं. गोष्ट आधी मेहबूब खानांकडे गेली होती. त्यांच्या मनात नट वेगळे होते. अब्बास अडून बसले: न्यायाधीश बाप म्हणजे पृथ्वीराज आणि त्यानं टाकलेला मुलगा म्हणजे राज कपूर. खरे बाप-लेक समोरासमोर कोर्टात. मेहबूबना ते मान्य नव्हतं, तेव्हा गोष्ट राज कपूरकडे गेली आणि १९५१ मध्ये पडद्यावर आली.

पटकथाकार म्हणून ही मागणी बरोबरच होती, रक्त मोठं की संस्कार मोठे हाच तर विषय. पण हातखंडा प्रसिद्धीवाल्याचा आहे. 'कपूर बाप-लेक आमनेसामने' ही ओळ लिहायला कागदसुद्धा लागत नाही, नटांच्या यादीतच ती लिहिलेली आहे. अब्बासांची दोन्ही कसबं इथं एका मुठीत आली, आणि इतकी सहज की कुठलं कुठं संपतं ते सांगता येत नाही. 'आवारा' सोव्हिएत रशियात घरोघर पोचला त्यात या साध्या, एका ओळीत सांगता येणाऱ्या गाभ्याचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

मारिया

आता गोवा. हे प्रकरण मी गोव्यात शिकवतो ते यासाठीच.

१९६९ च्या नोव्हेंबरात अब्बासांचा 'सात हिंदुस्तानी' आला. अमिताभ बच्चनचा पहिला चित्रपट म्हणून तो आज ओळखला जातो. आपल्याला त्याची ओळख वेगळी हवी. मारिया नावाची गोव्याची स्त्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे आणि आपल्या सहा जुन्या साथीदारांना बघायची तिची इच्छा आहे. हे सहाजण देशाच्या सहा कोपऱ्यांतून आलेले. पोर्तुगीजांच्या राज्यात घुसून किल्ल्यांवर तिरंगा लावायला तिच्याबरोबर गेले होते. मधल्या वर्षांत भाषेच्या, धर्माच्या, प्रांताच्या भांडणांत एकमेकांपासून तुटले.

कल्पना हवेतली नव्हती. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी सावंतवाडीची बस थांबायची तेव्हा आम्ही मुलं खाली उतरून हात जोडायचो. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात तिथं गोळी खाल्लेले कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबातल्या इसरू गावचे. त्याच सत्याग्रहात झेंडा हातात धरून गोळ्या झेलणाऱ्या सहोदराबाई राय मध्य प्रदेशातल्या सागरच्या. सांगलीचे मोहन रानडे इथं मराठी शिकवायला आले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र लढा देणाऱ्या गटात गेले. पोर्तुगालच्या तुरुंगातून ते सुटले १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे हा चित्रपट लागला त्याच वर्षी. भारत आमच्यासाठी मरायला आला होता हे सत्य आहे, आणि अब्बासांनी ते पडद्यावर आणलं यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. गोवा मुक्त होऊन आठ वर्षं झाली होती, हिंदी चित्रपटसृष्टीत या विषयाला इतक्या गंभीरपणे फारसा कुणी हात घातला नव्हता.

नटांची निवड बघा. 'आवारा'त ज्यानं खऱ्या बाप-लेकाचा आग्रह धरला, त्यानं इथं अगदी उलट केलं. बंगाली उत्पल दत्त पंजाबी शेतकरी झाले. केरळचे मधू बंगाली झाले. हिंदीचा कडवा अभिमानी रंगवला मेहमूदच्या भावानं, अन्वर अलीनं. उर्दू शायर अन्वर झाला अलाहाबादचा बच्चन, आणि आपला मराठी सखाराम शिंदे झाला विनोदी नट आगांचा मुलगा जलाल. कुणी कुठला ते चेहऱ्यावरून ओळखू नये, हाच मुद्दा. प्रसिद्धीवाल्याला जे हवं असतं, बघताक्षणी ओळख, ते अब्बासांनी जाणूनबुजून मोडलं. मला यात एक माणूस स्वतःच्याच सवयीशी झगडताना दिसतो.

पण झगडा अर्धाच जिंकला. एकदा वर्गात चित्रपट दाखवून मी मुलांना सांगितलं, प्रत्येक पात्राबद्दल दोन वाक्यं लिहा. पहिलं वाक्य सगळ्यांचं सारखं आलं: पंजाबी शेतकरी, उर्दू शायर, मराठी शिंदे, हिंदीवादी शर्मा. चोपडीतली विशेषणंच. दुसरं वाक्य काहीजणांनी सहाजणांबद्दल कसंबसं लिहिलं. मारियाबद्दल मात्र एकालाही दुसरं वाक्य सुचलं नाही. 'गोव्याची ख्रिश्चन, देशभक्त.' संपलं. त्या वर्गात गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातल्या तीन मुली होत्या. त्यांनाही नाही.

मला ते लागलं. कारण खऱ्या मारिया आमच्याकडे होत्या आणि त्यांच्याबद्दल पानंच्या पानं सांगता येतात. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोव्याच्या सीमेवरच्या रानातून छुपं रेडिओ केंद्र चालवलं. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. पाऊस, साप, किर्र रान आणि रोज ठरल्या वेळी आवाज. गोवा मुक्त झाला तेव्हा विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगत याच दोघांनी पणजीवर फेरी मारली. सुधाताई जोशी १९५५ मध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवा या मुक्तिलढ्यातल्या संघटनेच्या अध्यक्ष म्हणून सभेत उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. या बायका काय जेवत होत्या, कोणत्या भाषेत भांडत होत्या, घरचे काय म्हणत होते, यातलं काहीतरी मारियाच्या वाट्याला यायला हवं होतं. ती सहाजणांना एकत्र आणणारं निमित्त होऊन राहिली.

चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला, कैफी आझमींना गीतांसाठी मिळाला. तिकीटबारीवर काही झालं नाही.

बॉबी

चार वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच लेखणीतून दुसरी गोव्याची मुलगी आली: बॉबी ब्रागांझा. कथा अब्बासांची, पटकथा अब्बास आणि साठे यांची. 'मेरा नाम जोकर' पडल्यानं राज कपूर खोल गाळात होते, आणि हा चित्रपट असा चालला की गाळ धुऊन निघाला. मारिया कुणाला आठवत नाही, बॉबी अख्ख्या देशाला पाठ आहे.

तिचा बाप जॅक ब्रागांझा. प्रेमनाथनं जीव ओतून केला. कोळी, मनानं राजा, आवाज मोठा, हातात बाटली. आजी दुर्गाबाई खोटे. बापाचं लेकीवरचं प्रेम खरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं हिंदी पडद्यावर गोव्याचा माणूस आला की तो पिऊन आला, मासे घेऊन आला आणि मोडकं हिंदी बोलत आला. माझ्या शेजारचे एक ख्रिश्चन शिक्षक, थेंबाला न शिवणारे, मुंबईला बदलीवर गेले तर कार्यालयात त्यांना पहिल्या दिवसापासून 'जॅक' म्हणू लागले. ते हसून सांगायचे. मला हसू यायचं नाही.

त्या चित्रपटातलं एक गाणं मी मुलांना मुद्दाम ऐकवतो, ज्यात 'घे घे घे रे साहिबा' येतं. ते अब्बासांचं नव्हे, गाणं करणारी मंडळी वेगळी. पण ती ओळ आली आहे आमच्या देखणीतून, म्हणजे गोव्याच्या एका नाचगाण्यातून. देखणीत नाचणारी मुलगी नावाड्याला विनवते, मला पलतडीला ने, दामूच्या लग्नाला जायचंय, वाट ठाऊक नाही. अंगावरचा एकेक दागिना काढून ती म्हणते, घे. तो म्हणतो, नको. माझी आई हे स्वयंपाकघरात गुणगुणायची आणि 'नको'वर प्रत्येक वेळी थोडी थांबायची. त्या थांबण्यात नदीचा काठ, अंधार, मुलीची भीती सगळं असायचं. चित्रपटात उरलं फक्त 'घे घे घे'. ठेका उत्तम आहे. नदी गेली.

एका ओळीत मावतं ते असं. जे मावत नाही ते काठावरच राहतं.

तीन कागद

पाऊस थांबला होता. विद्यार्थी बराच वेळ चोपडी उलटीपालटी करत बसला. मग म्हणाला, "सदर थांबवतो. संपादकांना खरं कारण सांगून. चित्रपट लागून गेला की परत विचारतो. प्रसिद्धी मात्र करतो सर, पैसे लागतात."

मी हो म्हटलं. जिथं वाचक विश्वास ठेवून येतो ती जागा त्यानं स्वच्छ ठेवली. अब्बासांनी ती पोटाची जागाही करून ठेवली होती. याला ते परवडणारं नाही, हे माझ्या मनात राहिलं.

मग त्यानं बॅगेतून चौथा कागद काढला. प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा, रात्री जागून लिहिलेला. चित्रपट बेतूलच्या बाजूच्या एका गावातला. मी नायिकेबद्दलची ओळ मोठ्यानं वाचली: "दर्यावर्दी बापाची बिनधास्त पोर."

"पटकथेत ही काय करते रे?"

"रापणीच्या जाळ्यात आलेल्या मासळीचा हिशेब ठेवते. कुणाला किती वाटा ते वहीत लिहिते. बाप गेल्यावर रापणकार तिचीच वही मानतात."

"बिनधास्त कुठं आहे ती?"

तो गप्प झाला. खरं तर ती पोर अख्ख्या पटकथेत घाबरलेली आहे, आणि घाबरत घाबरत बेरीज करते. त्यानं स्वतःच लिहिलेलं होतं ते. माझं पेन घेतलं, ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "बाप बुडाला त्या दिवशीही तिनं वाट्याची वही पूर्ण केली."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. वर्तमानपत्रांना गेलेल्या पत्रकात ही ओळ राहिली आहे. पोस्टरवर निर्मात्यानं 'बिनधास्त' परत घातलं.